पहिली सोनोग्राफी आणि पहिली तपासणी: कधी जावं, काय विचारावं, रिपोर्टमध्ये काय पाहावं

गरोदरपणाच्या किटवर दोन रेघा उमटल्या की त्याच आठवड्यात सोनोग्राफीची वेळ घेतली जाते, आणि बहुतेक निराशेची सुरुवात तिथेच होते. सेवा म्हणून पाहिलं तर सुरुवातीच्या दिवसांतली सोनोग्राफी अतिशय भरवशाची आहे. गर्भ कुठे रुजलाय, एक आहे की जुळी, किती दिवसांचा आहे आणि त्याचं हृदय चालू आहे का, या चार प्रश्नांची उत्तरं ती पंधरा-वीस मिनिटांत देते. पण चारही उत्तरं एकाच खेपेत हवी असतील तर सात आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. पाचव्या आठवड्यात यंत्र तेच, डॉक्टर तेच, खर्चही तोच. हातात मात्र ‘१०-१४ दिवसांनी पुन्हा या’ असं लिहिलेला कागद येतो आणि ते दिवस जीव टांगणीला लागतो. पोटात दुखत नसेल, अंगावरून जात नसेल आणि आधी कधी (गर्भाशयाऐवजी) गर्भनळीत गर्भ राहिलेला नसेल, तर पहिल्या सोनोग्राफीसाठी सात ते नऊ आठवड्यांचा काळ सर्वांत चांगला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आठवडे मोजायला सुरुवात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. पाळी चुकली त्या दिवशी किट पॉझिटिव्ह आलं तर हिशेबाने चार आठवडे झालेले असतात, गर्भ मात्र जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. हे गणित २८ दिवसांच्या पाळीचं. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर अंडं साधारण आठवडाभर उशिरा फुटतं आणि कॅलेंडरवरचे सात आठवडे सोनोग्राफीत सहाच दिसतात. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असेल, अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर फरक याहून मोठा पडू शकतो. ‘वाढ मागे आहे’ असं सांगण्याआधी डॉक्टरांनी ‘पाळी किती दिवसांनी येते?’ हे विचारलं का, यावरून सेवेचा दर्जा लगेच कळतो. आयव्हीएफमध्ये (टेस्ट-ट्यूब पद्धतीत) हा घोळ नसतो. पाच दिवसांचा गर्भ आत सोडला असेल तर सोडल्याच्या तारखेत २६१ दिवस मिळवले की प्रसूतीची तारीख निघते, आणि ती पुढे कोणत्याही सोनोग्राफीने बदलायची नसते.

कोणत्या आठवड्यात काय दिसतं

हे आकडे आतून, म्हणजे योनीमार्गातून, केलेल्या सोनोग्राफीचे आहेत. पोटावरून पाहिलं तर प्रत्येक गोष्ट साधारण आठवडाभर उशिरा दिसते.

साडेचार ते पाच आठवड्यांत गर्भाशयाच्या अस्तरात दोन-तीन मिलिमीटरचा काळा गोल दिसू लागतो. ही सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी. साडेपाचच्या सुमारास तिच्यात एक बारीक कडं दिसतं, ती योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीचं पोषण पुरवणारी छोटी पिशवी. सॅक गर्भाशयातच आहे याचा पहिला पक्का पुरावा ही योक सॅक देते, कारण नळीत गर्भ राहिलेला असतानाही गर्भाशयात थोडा द्रव साठून सॅकसारखा आभास होऊ शकतो. सहा आठवड्यांना योक सॅकला चिकटून गर्भाची बारीक रेघ दिसते आणि बहुतेक वेळा तिच्यात हृदयाची लुकलुक सुरू झालेली असते. तिथून पुढे लांबी रोज साधारण एक मिलिमीटरने वाढते: सात आठवड्यांना सुमारे १० मिमी, आठला १६, नऊला २३, दहाला ३१-३२. डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या या लांबीला सीआरएल म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत रिपोर्टमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

ठोक्यांच्या आकड्यावरून उगाच घाबरवलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. सहाव्या आठवड्यात ठोके मिनिटाला १०० ते ११५ च्या आसपास असतात. नवव्या आठवड्यापर्यंत ते १७० च्या घरात जातात आणि मग पुन्हा १५०-१६० कडे उतरतात. त्यामुळे सहा आठवड्यांना १०५ आणि नऊ आठवड्यांना १७५ हे दोन्ही आकडे अगदी ठीक आहेत. सहाव्या आठवड्यात ते ९० च्या खाली असतील तर आठवड्याभरात पुन्हा पाहतात. एका आकड्यावरून निकाल कोणी देत नाही, आणि देऊही नये.

‘ठोके नाहीत’ हे वाक्य कधी खरं मानावं

या सेवेत सर्वांत मोठं नुकसान होऊ शकतं ते इथे. सॅक दिसते पण गर्भ नाही, किंवा गर्भ दिसतो पण ठोके नाहीत, अशा वेळी दोन शक्यता असतात. एक तर वाढ थांबलेली असते, नाहीतर दिवस कमी भरलेले असतात. दोन्हींचं चित्र एकसारखंच दिसतं. फरक पडतो तो मोजमापाने.

पूर्वी ५ मिलिमीटरचा गर्भ ठोक्यांशिवाय दिसला किंवा १६ मिलिमीटरची सॅक रिकामी दिसली तरी गर्भ संपला असं ठरवलं जाई. अमेरिकेतल्या ‘सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंड’ने २०१२ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेऊन या मर्यादा वाढवल्या आणि २०१३ मध्ये त्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाल्या. कारण साधं होतं. तोच गर्भ दोन डॉक्टरांनी मोजला तर मापात थोडा फरक पडतोच, आणि त्या फरकात एखादा जिवंत गर्भ सापडू शकतो. आता आतून केलेल्या सोनोग्राफीत सीआरएल ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा सॅकचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच निदान पक्कं धरतात. याहून लहान मापांना फक्त ‘संशयास्पद’ म्हणायचं आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा पाहायचं. दुसरी कसोटी वेळेची. आधी योक सॅक नसलेली सॅक दिसली होती आणि १४ दिवसांनंतरही ठोके असलेला गर्भ दिसत नाही, किंवा आधी योक सॅक असलेली सॅक दिसली होती आणि ११ दिवसांनंतरही तीच गत, तर निदान पक्कं.

म्हणून गोळ्या देऊन किंवा क्युरेटिंग करून गर्भाशय रिकामं करण्याचा सल्ला मिळाला तर दोन आकडे मागा: सीआरएल किती, आणि सॅकचा सरासरी व्यास किती. शिवाय सोनोग्राफी आतून झाली की पोटावरून, हेही विचारा. आकडे मर्यादेच्या खाली असतील आणि फार रक्तस्राव, ताप किंवा तीव्र वेदना नसतील तर आठवडाभर थांबल्याने आईचं सहसा काही बिघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडून खात्री करून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर स्वतःच ते सुचवतो.

वाढ खरोखर थांबली असेल तर एक गोष्ट त्याच भेटीत सांगितली गेली पाहिजे, आणि ती फार कमी ठिकाणी नीट सांगितली जाते. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहातलं एक पहिल्या तीन महिन्यांत असं थांबतं, आणि त्यातल्या निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. प्रवास केला, जिना चढला, वजन उचललं, संबंध ठेवले, यांतल्या कशानेही ते झालेलं नसतं. घरच्यांसमोर हे डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं, असा आग्रह धरा. बाईच्या माथी दोष मारला जाण्यापासून वाचवणारी तेवढीच दोन वाक्यं असतात.

लवकर जायलाच हवं अशा वेळी

एका बाजूला पोटात दुखतंय, अंगावरून जातंय, आधी नळीत गर्भ राहिला होता, नळीचं ऑपरेशन झालंय किंवा तांबी आत असताना दिवस गेलेत, तर सात आठवड्यांची वाट पाहू नका. इथे प्रश्न बाळाच्या ठोक्यांचा नसून गर्भ कुठे आहे याचा असतो. साधारण शंभरातल्या दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त नळीत असतात. वाढता वाढता नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर येऊन पडणं, अचानक खूप घाम सुटणं ही त्याची लक्षणं आहेत. अशा वेळी सोनोग्राफी केंद्राच्या रांगेत न थांबता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही तर बीटा एचसीजी या गरोदरपणाच्या संप्रेरकाची रक्ततपासणी करतात आणि ४८ तासांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा करतात. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण एकाच आठवड्यातल्या दोन निरोगी गरोदर बायकांचे आकडे अनेक पटींनी वेगळे असू शकतात. ‘४८ तासांत दुप्पट झालं नाही म्हणजे संपलं’ हा समजही जुना झाला. पहिला आकडा १,५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत ४९ टक्के वाढ ही किमान अपेक्षा धरतात. आकडा मोठा असेल तर वेग याहूनही कमी असतो. एचसीजी ३,५०० च्या वर गेलं आणि तरीही गर्भाशयात सॅक दिसत नसेल तर मात्र नळीतल्या गर्भाचा संशय बळावतो. उलट, आकडा कमी आहे म्हणून नळी सुरक्षित, असं मुळीच नाही. दुखत असेल तर आकडा कितीही असो, सोनोग्राफी व्हायलाच हवी.

आत गेल्यावर काय होतं

पोटावरून सोनोग्राफी असेल तर तासभर आधी दोन-तीन ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरावी. भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि त्यातून गर्भाशय स्पष्ट दिसतं. तीन-चार तास रोखून ते तट्ट भरलं तर उलटा परिणाम होतो: गर्भाशय खोल ढकललं जातं, चित्र बिघडतं आणि कळ वेगळीच. आतून सोनोग्राफी असेल तर आत जाण्याआधी लघवी करून यायचं. सात-आठ आठवड्यांना बहुतेक वेळा आतूनच पाहावं लागतं. वेळ देतानाच केंद्राने ‘पाणी पिऊन या’ की ‘नको’ हे नेमकं सांगितलं पाहिजे. सगळ्यांना सरसकट पाणी पाजून तासभर बसवणं आणि मग ‘लघवी करून या’ म्हणणं हा प्रकार सर्रास चालतो. मळमळ होणाऱ्या बाईला तो फार जड जातो.

आतून करायची म्हटलं की भीती वाटते. प्रोब अंगठ्यापेक्षा थोडा जाड असतो, त्यावर जेल आणि कंडोमसारखं आवरण चढवतात, आणि तो योनीमार्गात काही सेंटिमीटरच जातो. गर्भाशयाच्या तोंडातून तो आत शिरत नाही, त्यामुळे त्याने गर्भ पडत नाही. अंगावरून जात असतानाही ही तपासणी करता येते, उलट तेव्हा ती जास्त गरजेची असते. नंतर एखादा गुलाबी डाग लागला तर तो सहसा गर्भाशयाच्या नाजूक झालेल्या तोंडाचा असतो. प्रोब गर्भाच्या जवळ जात असल्याने त्याला जास्त फ्रिक्वेन्सी वापरता येते आणि चित्र खूप बारकाईने येतं, हाच त्याचा फायदा. जास्त वजन, मागे कललेलं गर्भाशय किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असेल तर पोटावरून नीट दिसतच नाही.

तुमच्या बाजूने सांगायच्या गोष्टी: रबराची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, आवरण वेगळं मिळतं. प्रोब स्वतःच्या हाताने आत घेण्याची मुभा मागता येते, आणि अनेक बायकांना त्याने बरं वाटतं. खोलीत एखादी महिला कर्मचारी असावी, पडदा असावा, अंगावर चादर असावी. ‘थांबा’ म्हटलं की डॉक्टरांनी थांबलं पाहिजे. प्रत्येक पेशंटनंतर प्रोबचं जंतुनाशन झालं का, हे विचारायला लाजू नका. नुसतं आवरण बदलणं पुरेसं नसतं.

ठोके ऐकवण्याबद्दल थोडं. पहिल्या तीन महिन्यांत ठोके मोजायला एम-मोड वापरावा: पडद्यावर लाटांची रेघ उमटते आणि तिच्यावरून दर निघतो. आवाज ऐकवण्यासाठी वापरतात तो पल्स्ड डॉपलर एकाच जागी जास्त ऊर्जा टाकतो, म्हणून या आठवड्यांत तो नेहमीच्या तपासणीत वापरू नये अशी आंतरराष्ट्रीय संघटनांची शिफारस आहे. पडद्याच्या कोपऱ्यात टीआय (ध्वनिलहरींमुळे ऊतक किती तापू शकतं याचा निर्देशांक) असा आकडा असतो, तो ०.७ च्या आत असावा. साध्या काळ्यापांढऱ्या चित्राने गर्भाला इजा झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, त्यामुळे गरजेची सोनोग्राफी टाळू नका. फक्त हौसेखातर आवाजाचा हट्ट धरू नका. बारा आठवड्यांनंतर डॉक्टर हातातल्या छोट्या डॉपलरने तो ऐकवतातच.

रिपोर्ट कसा तपासावा

चांगल्या रिपोर्टमध्ये इतक्या गोष्टी असतात: शेवटच्या पाळीची तारीख, सोनोग्राफी कशी केली, सॅक गर्भाशयात नेमकी कुठे, किती गर्भ, योक सॅक, मिलिमीटरमध्ये सीआरएल, ठोक्यांचा दर, सीआरएलवरून निघालेले आठवडे, दोन्ही अंडाशयं, आणि पोटात द्रव आहे का. आधी सिझेरियन झालं असेल तर सॅक जुन्या टाक्यांच्या जागेपासून दूर आहे, हेही स्पष्ट लिहिलेलं हवं. टाक्यांत रुजलेला गर्भ वेळीच कळला तर मोठा अनर्थ टळतो. नुसतं ‘सिंगल लाइव्ह इंट्रायूटेराइन, सात आठवडे’ (गर्भाशयात एक जिवंत गर्भ) एवढ्यावर भागवलेला रिपोर्ट आम्ही अपुरा समजतो.

दोन नोंदी वाचून लोक विनाकारण धास्तावतात. एक, कॉर्पस ल्युटियम सिस्ट. अंडं जिथून बाहेर पडलं तिथली ही गाठ गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तयार करते, आणि बहुतेक वेळा तिसरा महिना संपेपर्यंत आपोआप विरते. दुसरी, सॅकच्या बाजूला साठलेलं रक्त, सबकोरिऑनिक हिमॅटोमा. ठोके चांगले असतील आणि साठा लहान असेल तर तो बहुधा जिरतो किंवा तपकिरी डाग होऊन निघून जातो. त्याचं माप लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल.

प्रसूतीच्या तारखेबद्दल नियम पक्का आहे आणि तो पाळला जात नसल्यामुळे पुढे महिनोन्‌महिने गोंधळ चालतो. नऊ आठवड्यांच्या आत पाळीची तारीख आणि सीआरएल यांत ५ दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सीआरएलची तारीख धरायची. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान ही मर्यादा ७ दिवसांची. फरक त्याहून कमी असेल तर पाळीचीच तारीख राहते. पाळीने १० आठवडे आणि सीआरएलने ९ आठवडे ४ दिवस असतील तर काहीच बदलायचं नाही; सीआरएलने ८ आठवडे ५ दिवस आले तर तारीख पुढे ढकलायची. एकदा ठरली की ती शेवटपर्यंत तीच. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर छापून आलेली वेगळी तारीख म्हणजे फक्त बाळाच्या त्या दिवसाच्या आकाराचा अंदाज. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी सीआरएलवरून दिवस ठरवण्याची पद्धत १९७३ मध्ये मांडली आणि आजही तिच्याहून अचूक काही हाती नाही, कारण सुरुवातीला सगळे गर्भ जवळपास सारख्याच वेगाने वाढतात. पुढे प्रत्येकाची चाल वेगळी. नुसत्या सॅकच्या मापावरून मात्र तारीख ठरवू नये.

जुळी असतील तर चौदा आठवड्यांच्या आत एक गोष्ट लिहून घेतलीच पाहिजे: वार एकच आहे की दोन. दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वारा दोन, आणि पडदा बारीक राहून काटकोनात टेकला तर एक. एका वारेच्या जुळ्यांना सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासावं लागतं. चौदा आठवड्यांनंतर ही खूण धूसर होत जाते. त्यामुळे या नोंदीशिवायचा जुळ्यांचा रिपोर्ट परत नेऊन पूर्ण करून आणावा.

पहिली तपासणी: सोनोग्राफीपेक्षा महत्त्वाची

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींत गरोदरपणात किमान आठ भेटी सांगितल्या आहेत आणि पहिली बारा आठवड्यांच्या आत. सोनोग्राफी मात्र चोवीस आठवड्यांच्या आत किमान एक एवढीच अपेक्षा आहे. हे प्रमाण फार बोलकं आहे. पहिल्या भेटीत डॉक्टर वा नर्स जे विचारतात आणि रक्त-लघवीतून जे कळतं, त्यावर पुढचे सगळे महिने उभे असतात. पाच मिनिटांत सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून बाहेर काढणारी सेवा आमच्या मते नापास. नीट झालेली पहिली भेट अर्ध्या-पाऊण तासाची असते.

विचारलं काय जावं? पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं आणि गर्भपात, सिझेरियन, बीपी, साखर, थायरॉइड, फिट्स, पायात रक्ताची गुठळी, घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल (रक्ताचे आनुवंशिक आजार), नात्यातलं लग्न, तंबाखू-दारू, आणि मनाची अवस्था. घरात मारहाण होते का, हे बाईला एकटीला घेऊन विचारलं पाहिजे. नवरा आणि सासू शेजारी बसलेली असताना त्याचं खरं उत्तर मिळत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरची व्हॅलप्रोएट, मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन आणि बीपीवरच्या काही गोळ्या गर्भाला घातक आहेत. पण फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या.

बीपी पहिल्या भेटीत घेतलंच पाहिजे. वीस आठवड्यांच्या आत १४०/९० किंवा जास्त आलं तर ते बहुधा आधीपासूनचं असतं, आणि पुढे ते गरोदरपणामुळे वाढलं की मूळचंच होतं हे ओळखायला हा आकडा लागतो. बीपी वाढण्याचा धोका मोठा असेल तर बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. उशीर झाला तर तिचा उपयोग घटतो. आतून हाताने तपासणी प्रत्येकीची करायची गरज नसते.

रक्तात हिमोग्लोबिन (पहिल्या तीन महिन्यांत ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग), रक्तगट आणि आरएच, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, रुबेला, आणि गरजेप्रमाणे थायरॉइड. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटीबॉडीची तपासणी होते, २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि नळीतला गर्भ, पोटाला मार किंवा मोठा रक्तस्राव असं काही झालं तर ७२ तासांच्या आत. थॅलेसेमियाची तपासणी जितकी लवकर तितकी चांगली. बाईमध्ये वाहकाची खूण आढळली तर नवऱ्याचं रक्त तपासावं लागतं, आणि दोघंही वाहक निघाले तर गर्भाच्या तपासणीचा निर्णय घ्यायला वेळ हवा असतो. लघवीचं कल्चरही आवर्जून मागा. काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असू शकतात आणि गरोदरपणात ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. साध्या तपासणीत ते सुटून जातात.

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, खरं तर दिवस राहण्याआधीपासून, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, तर डोस कितीतरी जास्त, ४ ते ५ मिलिग्रॅम लागतो, म्हणून तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

चिठ्ठीवरच्या दोन गोष्टींबद्दल मात्र प्रश्न विचारा. पहिली, पूर्ण विश्रांती. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भपात टळतो असं सिद्ध झालेलं नाही, पायात गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. दुसरी, सरसकट लिहिलेलं प्रोजेस्टेरॉन. आधी गर्भपात झाला आहे आणि आता अंगावरून जातंय अशा बायकांना त्याचा काही फायदा दिसला आहे. काहीच त्रास नसलेल्या बाईला ते ‘आधार म्हणून’ देण्यात अर्थ नाही.

पुढची वेळ आणि टाळायच्या गोष्टी

पहिल्या भेटीतून बाहेर पडताना एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणाऱ्या सोनोग्राफीची) तारीख हातात असावी. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, सीआरएल ४५ ते ८४ मिमी, एवढीच तिची खिडकी आहे आणि ती एकदा गेली की परत येत नाही. मानेमागचा द्रव मोजायला बाळ बाजूने दिसावं लागतं आणि मान सरळ असावी लागते. ते उलटं झोपलं असेल तर बाईला फिरून यायला सांगतात, म्हणून दीड-दोन तास हाताशी ठेवा. जोडीला रक्ताची डबल मार्कर चाचणी असते. दोन्ही मिळून डाऊन सिंड्रोमच्या साधारण ९० टक्के केसेस ओळखल्या जातात, आणि शंभरातल्या पाचेक निरोगी गर्भांनाही ‘धोका जास्त’ असा शिक्का बसतो. त्यामुळे हा निकाल म्हणजे निदान नव्हे. आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी दहाव्या आठवड्यानंतर करता येते, ती याहून अचूक आहे. पण तिचाही पॉझिटिव्ह निकाल पक्क्या तपासणीशिवाय अंतिम मानू नये. एनटी ३.५ मिमी किंवा जास्त आली तर गुणसूत्रं ठीक निघाली तरी पुढे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करतात.

घरी वापरायचं डॉपलर विकत घेऊ नका. दहाव्या आठवड्यात ठोके सापडले नाहीत म्हणून रात्रभर रडणं एक वेळ परवडलं. त्याहून वाईट म्हणजे आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजून त्रास अंगावर काढणं. दर आठवड्याला ‘खात्रीची’ सोनोग्राफीही नको. सात-आठ आठवड्यांना ठोके दिसले, सीआरएल तारखेला जुळली आणि त्रास काही नाही, तर पुढची सोनोग्राफी थेट एनटीची.

मधल्या काळात पाणीसुद्धा चोवीस तास पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजत असतील किंवा ताप आला असेल, तर कोणत्या नंबरवर फोन करायचा हे पहिल्याच भेटीत फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. रात्री तो फोन कोण उचलतं, हेही विचारून ठेवा.